साठ वाक्यं

शाळेची दोन पाकिटं शुक्रवारी एकाच टपालाने आली. मुंगीचं पातळ होतं. ते जिन्यातच फोडलं गेलं आणि संध्याकाळपर्यंत तिच्या आईने ती बातमी गल्लीभर करून टाकली. भिंगरीचं जाड होतं. दंतवैद्याकडून एखादी कवळी परत आली की तिचं पुडकंही असंच जाड असतं, कारण आत तक्रारीचा कागद असतो. म्हणून भिंगरीच्या वडिलांनी, दादांनी, ते पाकीट दोन दिवस फडताळावर तसंच पडू दिलं आणि रविवारी, खालचा कवळ्यांचा कारखाना बंद असताना, सगळ्यांना वरच्या खोलीतल्या लांब टेबलाभोवती बसवून मगच फोडलं. वाईट बातमी वाटून घ्यावी, एकट्याने गिळू नये, हा त्यांचा जुना शिरस्ता.

त्यांची बहीण टेबलाच्या टोकाला बसली होती. वय बावन्न, लग्न झालेलं नाही. भाच्यांची ती आत्या, आणि हळूहळू गिऱ्हाइकांचीही आत्याच झालेली. ह्या घरातला प्रत्येक कागद तिच्या हाताखालून जाई. त्याला कारण दादांच्या वडिलांच्या वेळचं. तेव्हा एकदा डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या आणि एका शाळामास्तरीणबाईंची कवळी एका ट्रकवाल्याच्या तोंडात गेली. तो बिचारा चार दिवस हसत नव्हता, जेवत नव्हता, पण लाजेने बोललाही नाही. त्यानंतर वडिलांनी फर्मान काढलं: लिहायचं काम एकाच हाताने, आणि तो हात लेकीचा. दहावी झालेली सोळा वर्षांची मुलगी अक्षर चांगलं म्हणून पुढचं शिक्षण सोडून चिठ्ठ्या लिहायला बसली ती बसलीच. डब्यावरच्या चिठ्ठ्या, दवाखान्याचे कागद, घरपट्टीचे, शाळेचे, सगळे अर्ज तिनेच भरायचे. बाकीच्यांनी फक्त सही ठोकायची.

भिंगरी खिडकीत उभी होती, एका पायावर. दादांची ही एकुलती एक मुलगी जन्मल्यापासून एका जागी टिकली नाही, म्हणून हे नाव. धाकट्या भावाची मुलगी तिच्याहून चार महिन्यांनी लहान. ती लहानपणी ताटातला कण न् कण वेचून खायची, म्हणून मुंगी. दोघी पंधराच्या, दोघी नववीत, दोघींचा बाकही एकच.

शाळेने दोन महिन्यांपूर्वी सगळ्या नववीची चाचणी घेतली होती. पहिला भाग वर्गात सोडवायचा: आकृत्या, आकडे, शब्दांच्या जोड्या. दुसरा भाग घरी न्यायचा होता. त्यात साठ वाक्यं, आणि प्रत्येकापुढे चार चौकोन: नेहमी, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. ह्या दोन्हीवरून आणि वर्षाच्या मार्कांवरून ठरणार होतं, दहावीला कोण अभ्यासाच्या तुकडीत आणि कोण कामाच्या. कामाच्या तुकडीला अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस कुठल्यातरी कारखान्यात हात बसवणं. एकदा तिकडे गेलेलं मूल परत अभ्यासाकडे आलं आहे असं शाळेच्या आठवणीत नव्हतं.

दादांनी चष्मा नाकावर चढवला आणि वाचलं, "आकलन आणि तर्क यांत विद्यार्थिनी सबंध इयत्तेत पहिली."

"कोण?" धाकटा म्हणाला.

"आपली भिंगरी." दादांना स्वतःलाच ते पटलं नसावं, त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा मनात वाचली आणि मग पुढे गेले. "मात्र चिकाटी, शिस्त आणि जबाबदारी यांचे गुण इयत्तेत सर्वांत कमी. वर्षाचे मार्क मध्यम. अभ्यासाच्या तुकडीत टिकण्याची शक्यता फार थोडी वाटते. कामाच्या तुकडीची शिफारस. पालकांची संमती मंगळवारपर्यंत कळवावी."

"म्हणजे डोकं आहे, पण वापरायचं नाही," वहिनी म्हणाल्या. भिंगरीची आई. चौदा वर्षं ओरडून ओरडून त्यांचा आवाज कायमचा बसला होता. "हे सांगायला चाचणी कशाला हवी होती? मला विचारायचं."

"मुंगीचं उलट आहे हो," धाकटी जाऊ हळूच म्हणाली. "तिचं आकलन मध्यमच आलंय. पण चिकाटीत पैकीच्या पैकी." बोलण्यात नम्रपणा होता, पण आनंद काही लपत नव्हता. मुंगी मान खाली घालून टेबलावरचा सुकलेला मेणाचा ठिपका नखाने काढत होती.

पाकिटाला मागे तो साठ वाक्यांचा कागदही जोडलेला होता. वहिनींनी तो ओढून घेतला. "बघा, बघा काय लिहून दिलंय कार्टीने! हाती घेतलेलं काम मी पूर्ण करते: कधीच नाही. वस्तू जागच्या जागी ठेवते: कधीच नाही. दिलेला शब्द पाळते: क्वचित. अगं, स्वतःच्या तोंडाने कबूल करतेस? लाज नाही वाटली?"

भिंगरीने उजवा पाय खाली टेकला आणि डावा उचलला. 

आत्याने मान पुढे काढून पाहिलं. कागद तिच्यापासून हातभर लांब होता, पण बरोबरच्या खुणा तिने लांबूनही ओळखल्या. चिठ्ठ्यांवर वरचा जबडा, खालचा जबडा अशी खूण करताना तिची रेघ शेवटी जरा वर उडते. साठही खुणा तशाच उडालेल्या होत्या.

तिला तो दिवस आठवला. दोघी पोरी दोन कागद घेऊन तिच्या टेबलाशी आल्या होत्या, जसा घरातला कुठलाही कागद येतो. तिने विचारलंही नाही की हा कुणी भरायचा आहे. वर ठळक छापलेलं होतं, विद्यार्थ्याने स्वतः भरावा, पण ती वरचं कधी वाचतच नसे. रकाने दिसले की तिचा हात चालू होई. त्या सकाळी भिंगरीने प्लास्टर कालवून ठेवलं होतं आणि तिसऱ्याच कुठल्या उद्योगाला निघून गेली होती. अख्खं भांडं दगड झालं, वाडगं फोडावं लागलं. त्या रागात आत्याने भिंगरीचा कागद पाच मिनिटांत उडवला. मुंगीचा त्यानंतर घेतला, तो प्रेमाने भरला.

आता कार्टी बोलेल, ह्या भीतीने ती भिंगरीकडे पाहत राहिली. 'हे मी लिहिलेलं नाही' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. भिंगरी खिडकीबाहेर बघत होती.

"मग सही करायची ना?" दादा म्हणाले. त्यांचा उजवा हात टेबलाखाली होता. दोन महिन्यांपासून तो थरथरत होता आणि मेणात दात बसवताना रेषा चुकू लागली होती. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीही बोलत नव्हतं. "मी म्हणतो, वाईट काय आहे त्यात? तिची बोटं बघा. बारा वर्षांची असताना हिने पुढचे सहा दात असे लावले की मला हात लावावा लागला नाही. बाहेरच्या कारखान्यात कशाला, आपल्याच खाली येऊन बसेल. घरची गादी घरात राहील."

"भावोजी बरोबर बोलतायत," धाकटी म्हणाली.

"एकदा शाळेत जाऊन विचारायला काय हरकत..." धाकट्याने सुरुवात केली. बायकोने नुसतं पाहिलं, तसा तो थांबला.

वहिनींनी पेन दादांपुढे सरकवलं. तेव्हा आत्या म्हणाली, "तो कागद मी भरलाय."

"कुठला?"

"साठ वाक्यांचा. हिने नाही. मी भरला. रागाच्या भरात भरला, दादा. ते तिला स्वतःला भरायचं होतं."

तिला वाटलं होतं, आता घर डोक्यावर घेतील. दादा फक्त बुचकळ्यात पडले. "मग? सगळे कागद तूच भरतेस."

"अरे, पण ह्यावरून ठरवलंय त्यांनी! चिकाटीत शेवटचा नंबर, तो तिचा नाही, मी दिलाय."

"बरं. मग खोटं काय लिहिलंस ते सांग." दादांनी कागद उचलला. चिडले नव्हते, एखाद्या शिकाऊ पोराला कामातली चूक दाखवतात तसं विचारत होते. "काम पूर्ण करते? तूच सांग. प्लास्टरचं वाडगं कुणामुळे फोडावं लागलं? वस्तू जागेवर ठेवते? शब्द पाळते? सांग ना, कुठली खूण बदलायची?"

आत्याने तोंड उघडलं आणि तिला एकही वाक्य सापडेना. ज्या पोरीला तिने अंगाखांद्यावर खेळवलं, तिच्याबद्दल घरात पंधरा वर्षं जे बोललं गेलं तेच तिच्या जिभेवर येत होतं. अचानक एक आठवलं. "ती रोज संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून मुंगीला गणित शिकवते. वर्षभर. एक दिवस चुकवलेला नाही."

आता मात्र टेबलाचं वारं फिरलं. धाकटी ताडकन उठली. "म्हणजे माझ्या मुलीचे मार्क हिच्या जिवावर, असंच ना? आणि थांबा, मुंगीचा कागदही तुम्हीच भरलात की काय, वन्सं?"

आत्याने होकारार्थी मान हलवली.

"झालं! उद्या शाळेत जाऊन हे सांगितलंत तर दोघींचंही जाईल. हिचं तर गेलेलंच आहे, माझीचं कशाला घालवता? तुम्हाला पोर नाही, तुम्हाला काय कळणार!"

"तोंड सांभाळ," धाकटा म्हणाला, पण इतक्या हळू की त्याची बायको सोडून सगळ्यांनी ऐकलं.

"आई, पण ती शिकवते गं मला," मुंगी म्हणाली. पहिल्यांदाच बोलली, आणि बोलताबोलता रडू लागली. "मला एकदा सांगून कळत नाही. ती चारदा सांगते."

"गप्प बस!"

वहिनी मघापासून कागदाकडे बघत होत्या. आत्याला वाटलं, आता ह्या आपल्यावर तुटून पडतील. त्या उठल्या, खिडकीशी गेल्या आणि भिंगरीच्या दंडाला धरून म्हणाल्या, "तुला माहीत होतं ना हे ह्यांनी भरलंय? मग मी एवढी बोलत होते तेव्हा तोंड का नाही उघडलंस?"

भिंगरीने खांदे उडवले. "काय फरक पडतो?"

दादांनी पेनचं टोपण लावलं. "मंगळवारपर्यंत वेळ आहे," एवढं म्हणून ते खाली कारखान्यात निघून गेले. रविवार असूनही खालून घासायच्या मोटरीचा आवाज सुरू झाला, मग बंद पडला, मग पुन्हा सुरू झाला.

दुपारी आत्या खोलीत एकटी असताना वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. "वन्सं, उद्या तिला घेऊन शाळेत जा. नवा कागद मागा. मी येत नाही, आणि मी सांगितलं हे ह्यांना कळता कामा नये. ह्यांचा हात तुम्ही बघताच आहात." मग त्या म्हणाल्या, "पहिली आली हो माझी पोर. सबंध इयत्तेत. आणि मी काय म्हटलं तर लाज नाही वाटली."

त्यांच्यामागोमाग धाकटी आली. ती मात्र आत येऊन खाटेवर बसली आणि तिने आत्याचे दोन्ही हात धरले. "मघाशी बोलले ते विसरा. भिंगरीसाठी काय करायचं ते करा. पण माझ्या मुलीचं नाव तिथे काढायचं नाही. शपथ घ्या." आत्याने घेतली. दुसऱ्या दिवशी मुंगीला ताप आला असं सांगून तिच्या आईने तिला शाळेत पाठवलंच नाही.

शाळेची समुपदेशिका एका अरुंद खोलीत बसत असे. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीला कागदांच्या फायली. बाई तरुण होत्या आणि दमलेल्या दिसत होत्या. आत्याने घडलं ते सांगितलं, मुंगीचं सोडून. बाईंनी डोक्याला हात लावला.

"अहो, साठच्या साठ तुम्ही भरलीत?"

"आमच्याकडे तशीच पद्धत आहे."

"मला हिचंच कोडं पडलं होतं. इतकं डोकं असलेली मुलगी, मग मार्क का नाहीत? तेवढ्यात हा कागद आला आणि मला उत्तर मिळाल्यासारखं वाटलं." त्या भिंगरीकडे वळल्या. "नुसत्या बुद्धीवर मार्क मिळत नाहीत, कळलं? रोज उठून बसावं लागतं, कंटाळा आला तरी, जमत नसलं तरी. ते तुझ्यात किती आहे एवढंच मला बघायचंय. नवा कागद देते. इथेच बस, एकटी. कुणाला विचारायचं नाही. खरं असेल तेच लिही."

आत्या बाहेरच्या बाकावर बसली. दाराला काच होती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या घरातला एक कागद तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या हाताने भरला जात होता, आणि तिला मनातून बरं वाटत होतं. भिंगरी एका जागी बसली होती. पाय हलत नव्हता. एकेक वाक्य वाचायला इतका वेळ घेत होती की दोन तास संपल्याच्या घंटा वाजल्या. आता स्वतःला ओळखेल पोरगी, आत्या मनात म्हणाली. मागची पायरी आठवेल तिला. ते सहा दात आठवतील.

बाईंनी दोघींना आत बोलावलं तेव्हा टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवलेले होते. त्या कितीतरी वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होत्या. मग त्यांनी कागद आत्याकडे वळवले.

हाती घेतलेलं काम पूर्ण करते: कधीच नाही. वस्तू जागच्या जागी: कधीच नाही. दिलेला शब्द: क्वचित. आत्याचं बोट खाली खाली सरकत गेलं. दुसऱ्यांना मदत करते: क्वचित. अवघड गोष्ट सोडून देते: नेहमी. खुणा वेगळ्या हाताच्या होत्या, चौकोन तेच होते.

"भिंगरे, हे काय केलंस?" आत्या म्हणाली. "खरं लिही म्हणाल्या ना त्या?"

"खरंच लिहिलंय."

"अगं, मुंगीला वर्षभर शिकवलंस ते? ते काम पूर्ण केलं नाहीस?"

भिंगरीने प्रामाणिकपणे विचार केला. "ते काम कुठं होतं? ती रडते म्हणून बसायचे मी. काम म्हणजे प्लास्टर, घरचा अभ्यास, कपाट लावणं. ते मी नाहीच करत पूर्ण. तुम्ही सगळे म्हणताच की. आई म्हणते, बाबा म्हणतात. तू तर लिहून दिलंस. तू लिहिलेलं चुकत नाही ना कधी."

बाई हळूच म्हणाल्या, "एका ठिकाणी फरक आहे." त्यांनी सत्तेचाळिसाव्या वाक्यावर पेन्सिल टेकवली. चूक झाली की मला स्वतःचाच राग येतो. आत्याने तिथे खूण केली होती: कधीच नाही. भिंगरीने केली होती: नेहमी.

आत्या त्या दोन चौकोनांकडे बघत राहिली. वाडगं फुटलं त्या दिवशी भिंगरी न जेवता झोपली होती, आणि घरात सगळे म्हणाले होते, बघा, चूक करून वर फुरंगटून बसली आहे.

"ह्या एका वाक्याने निकाल बदलत नाही हो," बाई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "पण घरच्यांनी संमती दिली नाही तर मी समितीपुढे तिची बाजू मांडीन. तिने स्वतः म्हणायला हवं मात्र, की मला अभ्यासाच्या तुकडीत जायचंय. नुसत्या तुमच्या म्हणण्यावर होणार नाही."

घरी येताना रस्त्यात आत्या भिंगरीच्या मागे लागली होती. "म्हणशील ना? एकदा म्हण नुसतं. दादाला मी बघते. त्याला मी सांगते तुझ्या वतीने."

"नको," भिंगरी म्हणाली. ती सरळ चालत होती. एरवी फरशी सोडून कडेकडेने उड्या मारत जायची. "माझं मी सांगते."

आत्याला हायसं वाटलं. बोलली तर खरी पोरगी, ती मनाशी म्हणाली. आपल्या जागी तिने स्वतः बोलावं ह्याहून चांगलं काय असणार! घर येईपर्यंत तिने भिंगरीला दुसरं काही विचारलं नाही.

दादा खाली त्यांच्या जागेवर होते. दिवा लावलेला, समोर मेणाचा गुलाबी साचा, आणि उजवं मनगट डाव्या हाताने धरून ते एक दाढ बसवायचा प्रयत्न करत होते. दाढ पुन्हा निसटली. वहिनी जिन्याच्या तळाशी उभ्या होत्या. त्या कधीपासून वाट बघत होत्या कोण जाणे. आत्याने त्यांना खुणेने सांगितलं, थांबा, ती बोलणार आहे.

भिंगरीने दप्तर खुंटीला लावलं. बापाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्याच्या हातातला चिमटा घेतला, दाढ उचलली आणि तिच्या जागी बसवली. एकदाच. मग म्हणाली, "बाबा, करा सही. मी नाही टिकणार तिथे."

"भिंगरे!" वहिनी म्हणाल्या.

"खरंच नाही टिकणार, आई. दोनदा तपासलं त्यांनी."

आत्याने सांगायला हवं होतं की हे खोटं आहे. दोन्ही वेळा कागद एकाच घराने भरला आहे, एकदा माझ्या हाताने आणि एकदा तिच्या. ते तिला तेव्हा कळलं होतं, पण कसं सांगावं ते कळेना. दादांनी वर पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी थरथरता हात लेकीच्या डोक्यावर ठेवला.

"शहाणी आहेस," ते म्हणाले.

पंधरा वर्षांत त्या घरात तिला असं पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं. भिंगरीचा चेहरा उजळला. ती बापाकडे बघून हसली, स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसली आणि पुढची दाढ उचलली.